दिलदारची खरी जागा

निशिगंधा,

मळलेल्या कणकेतला अर्धा गोळा माशांसाठी गळाला लावायला नेलाय. चपात्या कमी पडल्या तर माझ्या वाटणीच्या कमी कर. दिलदारबरोबर राधानगरीच्या धरणावर चाललोय.

गळ टाकणारा एक वेळ मासा देईल, पण जागा सांगणार नाही. तरुणपणापासून मी त्याला खोट्या जागा सांगितल्या, त्यानं मला. संध्याकाळी दोघंही रिकाम्या पिशव्या घेऊन एकाच एस्टीत भेटायचो आणि पाण्याला शिव्या द्यायचो. फार सुखाचे दिवस होते.

काल दिलदार डॉक्टरांकडून आला आणि म्हणाला, "चल की, माझी खरी जागा दावतो. माझ्या माघारी कुणाला तरी ठावं पायजे."

हे मला अजिबात आवडलेलं नाही.

म्हणून ठरवलंय, हातात तीन किलोचा कटला मासा असला तरी म्हणायचं, "दिलदार, अजून खोटंच बोलतोस. ही ती जागा न्हाय." तो भडकेल. कोर्टात उलटतपासणीला माणसं भडकवूनच मी आयुष्यभर पोट भरलंय. मग मला पटवायला पुढच्या रविवारी त्याला पुन्हा यावंच लागेल.

आणि मला पटवणं किती अवघड असतं, ते तुला ठाऊक आहे.

तुझा सासरा