अनावश्यक हालचाल

२ तारीख, सोमवार

आले एकदाची! ऑफिस सहाव्या मजल्यावर आहे आणि लिफ्टमधला आरसा एवढा मोठा, की वर पोचेपर्यंत माणूस स्वतःच्या प्रेमात पडावा. गळ्यात अडकवायला ओळखपत्र मिळालं. फोटोत मी नुकतीच झोपेतून उठवल्यासारखी दिसते, पण खाली 'प्रशिक्षणार्थी सल्लागार' असं छापलंय, तेव्हा फोटोला सगळं माफ. कॉलेजातल्या बाकीच्या मुली नाकं मुरडत म्हणाल्या होत्या की इंटर्नला तिथे झेरॉक्सच काढायला लावतात. लावू देत. मला इथेच यायचं होतं.

रिसेप्शनवर एक गोलमटोल बाई बसतात. बोलायला लागल्या की त्यांना पूर्णविराम माहीत नाही. कुणाशी गोड बोलायचं, कुणापासून चार हात लांब राहायचं आणि कुठल्या खुर्चीचं चाक निखळलंय, हे सगळं त्यांनी माझं जाकीट काढून होईपर्यंत सांगून टाकलं. ज्यांच्या हाताखाली मी काम करणार त्या साहेबांना पाठीमागे सगळे 'घड्याळ' म्हणतात. खिशात कायम स्टॉपवॉच असतं म्हणे.

घड्याळसाहेब दुपारी भेटले. उंच, कडक इस्त्रीचा शर्ट, हसणं मात्र मोकळं. त्यांनी मला कॉफी करायला सांगितली आणि स्वतः मागे उभे राहिले. मग माझी प्रत्येक हालचाल एकाखाली एक लिहून काढली आणि लाल पेनाने फुल्या मारल्या. कपात उगाच डोकावले, त्यावर फुली. चमचा काठावर आपटला, फुली. मशीनला शाबासकी दिल्यासारखं थोपटलं, त्यावर तर दोन फुल्या. सगळं ऑफिस हसत होतं, मीही हसले. ज्या हालचालीतून काही निपजत नाही ती अनावश्यक, असं ते म्हणाले. आपला धंदा एवढाच. कारखान्यात जायचं, कामगाराच्या मागे उभं राहायचं, फुल्या मारायच्या. आणि एक नियम पाळायचा: विचारायचं नाही, फक्त बघायचं. विचारलं की माणूस कारणं द्यायला लागतो.

माणूस गोड आहे. याचाच मला जास्त राग आला.

३ तारीख, मंगळवार

काल सगळं लिहिलं, खरं तेवढं राहिलं. रोजनिशीपासून तरी काय लपवायचं?

मला मावशीने वाढवलं. ती एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी तिथे धुवायला येतात. इस्त्रीची प्रेस म्हणजे एकावर एक दोन जाड तापलेले पत्रे. अलीकडे उभी असलेली बाई पेडल दाबते तसा वरचा पत्रा खाली येतो. पलीकडची बाई चादरीची कड सारखी करते. मधे चादरींचे ढीग, त्यामुळे दोघी एकमेकींना दिसत नाहीत. म्हणून अलीकडची बाई पेडल दाबायच्या आधी मशीनच्या कडेवर बोटाने दोनदा वाजवायची. टकटक, म्हणजे सरक. पलीकडचे हात बाहेर येत. बाजू दोघी आळीपाळीने बदलायच्या. मावशीला ती सवय इतकी लागली होती, की घरात दार लावतानाही ती आधी टकटक करायची आणि मी चौकटीवरचा हात काढून घ्यायचे. शेजारणी हसायच्या. माझं बोट कधी चेमटलं नाही.

मग लाँड्रीत सल्लागार आले. म्हणजे हेच, घड्याळ. टकटकीतून काही निपजत नाही असं त्यांना दिसलं. कुणाला विचारलं नाही. लाल फुली मारली आणि भिंतीवर सूचना लागली की वाजवणं बंद. पुढे एका दुपारी मावशीच्या जोडीच्या बाईने पेडल दाबलं तेव्हा मावशीचे दोन्ही हात आत होते. काही दिवस ती हॉस्पिटलात होती. मग गेली. मालकांनी तिचाच निष्काळजीपणा ठरवला.

घड्याळ तोवर दुसऱ्या गावी दुसऱ्यांच्या हालचाली मोजत असणार. त्याला कळलंही नसेल, हेच मला रात्रंदिवस सलतं.

तर मी झेरॉक्स काढायला आलेली नाही. महिनाअखेरीला मोठं प्रेझेंटेशन आहे, सगळे मालकलोक समोर बसणार आहेत. तोवर मी त्याच्या मर्जीत राहणार. मग तिथे उभी राहून मावशीचा फोटो पडद्यावर लावणार. त्याची अब्रू वेशीला टांगली नाही तर नाव लावणार नाही.

९ तारीख, सोमवार

देवसुद्धा थट्टा करतो. घड्याळला ज्या कंपनीने पुन्हा बोलावलंय ती तीच लाँड्री.

आज आम्ही तिथे गेलो. वाफ, ओल्या कापडाचा वास, भिंतीवर तीच सूचना, कडा पिवळ्या पडलेल्या. मावशीच्या जोडीची ती बाई अजून तिथेच आहे. लहानपणी मी तिला 'चष्मेवाली' म्हणायचे. आमच्या घरी यायची तेव्हा वाफेने धुरकटलेली भिंगं माझ्या फ्रॉकला पुसायची. तिने मला ओळखलं. साहेबांसमोर ओळख न दाखवता नुसती हसली. आपलं माणूस आलं, असं वाटलं असावं तिला.

ती टकटक करत नाही. बंदी आहे. पण पेडल दाबायच्या आधी ती दर वेळी वाकते, मान वळवते आणि ढिगाच्या कडेने पलीकडे डोकावते. पलीकडे आता एक तरुण बाई असते. आपली मुलगी यंदा शाळेत जायला लागली, दप्तर तिच्याहून मोठं आहे, असं तिने मला हसत हसत सांगितलं.

साहेब माझ्या मागे उभे होते. ह्या मान वळवण्यातून काय निपजतं, असं त्यांनी मला विचारलं आणि कागद माझ्यासमोर धरला. माझी परीक्षा होती. मी अडखळले तर मर्जी गेली, प्रेझेंटेशन गेलं, मावशी दुसऱ्यांदा गेली. चष्मेवाली माझ्याकडेच बघत होती.

मी फुली मारली.

नुसती कागदावर तर आहे. अंमल महिनाअखेरीनंतरच होणार, तोवर मी सगळं उधळून लावलेलं असेल. परत येताना गाडीत साहेबांनी माझी पाठ थोपटली. घरी येऊन मी ब्लाउज धुवायला टाकला.

१२ तारीख, गुरुवार

आज ऑफिसात तापलेल्या इस्त्रीचा वास येत होता. रिसेप्शनच्या बाई सगळीकडे नाक लावून हुंगत फिरल्या. काही सापडलं नाही. मग साहेबांच्या केबिनच्या काचेवर आवाज आला, आतून. टकटक. साहेब एकटेच होते आणि दोन्ही हात टेबलावर होते. त्यांनी मान वर करून पाहिलं, आणि पुन्हा काम करायला लागले.

दुपारी बाईंनी नेहमीसारखी त्यांची थट्टा केली. ते हसले नाहीत. रागावलेही नाहीत. चेहरा पुसलेल्या ताटासारखा. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा टकटक झाली. त्यानंतर ते कुणाला हात करेनात, मान डोलवेनात. तब्येत बरी नसेल, असं बाई म्हणाल्या.

मी बाथरूममध्ये जाऊन तोंडात रुमाल कोंबून हसले. हसण्यातून काय निपजतं, साहेब? फुली. हात करण्यातून? फुली. मला त्या टकटकीचा हात ओळखू येतो. माझ्या मावशीने काम हाती घेतलंय.

१६ तारीख, सोमवार

साहेबांची पापणी लवत नाही.

सकाळपासून बघतेय. डोळे लालभडक, पाणी गालावरून ओघळून कॉलर भिजलेली, आणि बोटं कीबोर्डवर धावतायत. काम निम्म्या वेळात संपतं. वरच्या लोकांनी सगळ्यांना मेल पाठवून त्यांचं कौतुक केलं आणि आपण असंच व्हायला हवं असं लिहिलं. बाईंना त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी खुर्ची दुसरीकडे तोंड करून ठेवली. मी मुद्दाम समोर बसले. फार दिवसांनी मला डबा चवीने खाता आला.

लाँड्रीतली मानेची फुली लगेच लागू झाली, असं त्यांच्या टेबलावर वाचलं. महिनाअखेरीपर्यंत थांबलेच नाहीत. तिथे फोन करायला हवा. पण आज इथून हलवत नव्हतं. उद्या करते.

१८ तारीख, बुधवार

त्याने आत बोलावलं. मान वळत नव्हती, म्हणून मीच समोर जाऊन उभी राहिले. टकटक ऐकू येते का, असं विचारलं. येते म्हटलं. कोण आहे, असं विचारलं. मी सांगितलं. मावशी, लाँड्री, दोन्ही हात, सगळं.

त्याला आठवेना. एवढ्या फुल्या मारल्या, कुठली म्हणून आठवेल! तेव्हा माझ्या अंगाची लाही लाही झाली. प्रेझेंटेशन वगैरे सगळं डोक्यातून गेलं.

टकटक म्हणजे काय, तेवढं सांग, असं तो म्हणाला. गयावया करत असावा. चेहऱ्यावरून कळत नव्हतं. एक शब्द सांगायचा होता. सरक. मावशी अजूनही आधी वाजवते. ती कुणाला बेसावध धरत नाही. खुर्चीतून बाजूला झाला असता तर सुटला असता.

मी म्हटलं, साहेब, तुम्हीच शिकवलंत. विचारायचं नाही, फक्त बघायचं.

आणि खुर्ची ओढून बसले. बघितलं.

१९ तारीख, गुरुवार

गेला. खुर्चीत ताठ बसलेला सापडला. शर्टाला एक सुरकुती नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. मला माहीत आहे काय बंद पडलं. श्वास आत घ्यायचा आणि तोच परत बाहेर सोडायचा. त्यातून काय निपजतं?

मावशी, फेडलं गं आपण. घरी येऊन मी तिच्या फोटोसमोर बसले आणि पोटभर रडले. फार गोड रडू होतं.

लाँड्रीला फोन राहिलाच. उद्या पहिलं काम तेच.

२० तारीख, शुक्रवार

फोन केला. उशीर झाला.

काल दुपारी चष्मेवालीने पेडल दाबलं. मुकादम शेजारी उभा होता, मान वळू नये म्हणून. पलीकडची ती तरुण बाई गेली. निष्काळजीपणा तिचाच होता, असं मुकादम म्हणाला.

तिची मुलगी. मोठं दप्तर.

मी फुली नीट, ठसठशीत मारली होती.

२१ तारीख, शनिवार

लाँड्रीच्या फाटकाशी गेले. चष्मेवाली बाहेर पायरीवर बसली होती. हाक मारली. तिने मान वळवली नाही. पुन्हा मारली. समोर बघत बसून राहिली. काय सांगणार होते मी तिला? की मावशीसाठी केलं?

घरी इस्त्रीचा वास आहे. माझ्या घरात इस्त्री नाही.

२३ तारीख, सोमवार

टेबलावर टकटक. मी टुणकन बाजूला झाले. काही झालं नाही! मला अर्थ माहीत आहे. मला तिनेच शिकवलंय. मी ओरडून सांगितलं, मावशी, मी आहे गं, तुझीच पोर.

पुन्हा टकटक. सरकले. पुन्हा. सरकले. दुपारभर घरातल्या घरात लंगडी घातल्यासारखी पळत होते —

एकदा दमून बसले. तेवढ्यात —

आता रडू येत नाही.

२४ तारीख

फोटोकडे बघते. काही वाटतं. चेहरा हलत नाही.

तिला सांगायचं होतं, की मी त्याच्यासारखी नाही. तुझ्यासाठी मारली ती फुली. पण तिने विचारलं नाही. विचारायचं नसतं —

डोळे जळतात. पापणी —

२५

मान नाही. वही समोर आहे म्हणून लिहिते. हात चालतो अजून.

दप्तर.

२६

वास. खूप जवळ. वहीवर ऊब. वर काहीतरी आहे, मान वर होत नाही —

टकटक.

सरक, म्हणते ती. ऐकलं मावशी. कळलं. हात काढून घ्यायचा. एवढंच. लहानपणी दारातून काढायचे तसा. पण हात काढून घेणं ही