एकाहत्तरच्या बॅचसाठी पंचाहत्तर शब्द

६ जानेवारी, सकाळ
कॉलेजचं मासिक आलं. थेट ‘बॅचच्या बातम्या’ उघडल्या, १९७१. वेंडेल स्ट्रॅंडने पुन्हा अर्धा रकाना खाल्लाय. दातांचा दवाखाना विकून निवृत्त. अंटार्क्टिकाला जाऊन पेंग्विन पाहिले. नातू आइस हॉकीत राज्यात पहिला. गुडघा बदलूनही टेनिस चालू. हा कॉलेजात माझा रूम पार्टनर होता आणि माझे मोजे घालायचा. त्याबद्दल एक ओळ नाही.
तीनदा वाचलं. निव्वळ कुतूहल.
अठ्ठेचाळीस वर्षांत मी एकदाही बातमी पाठवली नाही. विनय, दुसरं काय! पण विनयालाही काही मर्यादा असते. ठराव: उन्हाळी अंकात लायल हेगडॉर्न झळकणार.
(माझी बायको नॅडीन १९७३ ची. तिच्या बॅचचं पान दोन पानं पुढे असतं. ते मी वाचत नाही. ज्युनियर पोरंपोरी, त्यांच्या काय बातम्या असणार?)

९ जानेवारी
आमच्या बॅचच्या बातम्या डॉटी क्विस्ट गोळा करते. तिला फोन केला. कोण लायल, म्हणाली. मग आठवलं तिला. कॅन्टीनमध्ये ट्रे घेऊन पडला होतास तोच ना, म्हणे. मी म्हटलं, फरशी ओली होती.
मुदत १५ एप्रिल. शब्द पंचाहत्तर. विमा कंपनीतली अडतीस वर्षं, आणि शब्द पंचाहत्तर! वेंडेलला बरे जास्त मिळतात, असं विचारलं. डॉटी म्हणाली, तो घडलेलंच लिहितो, त्यामुळे कापावं लागत नाही. टोमणा नसावा.

१३ जानेवारी
खिम्याचा मीटलोफ. जेवताना नॅडीनने विषय काढला. तिच्या मावशीने मृत्युपत्रात तिला लेक सुपीरियरच्या काठचं, ॲशलंडचं घर ठेवलंय. एक जूनपासून ती तिथे राहायला जाणार. कायमची. तू येतोयस का, असं सरळ विचारलं. मी म्हटलं, एप्रिलनंतर सांगतो, आत्ता डोक्यात दुसरंच चालू आहे. ती म्हणाली, ठीक आहे, एप्रिल तर एप्रिल.
समजूतदार बाई.
‘सरोवराकाठी दुसरं घर.’ बातमीत शोभून दिसेल. टिपून ठेवलं.

२० जानेवारी
पहिला खर्डा. साडेतीनशे शब्द झाले आणि अजून मी १९८३ सालातच आहे. कापायचं तरी काय? गारपिटीचे दावे मी एका महिन्यात निकाली काढले होते. जवळजवळ सगळे नाकारून, पण निकाली.
खाली तळघरात टंग टंग चालू. नॅडीन शाळेत संगीत शिकवायची. निवृत्त झाल्यापासून दोन वर्षं जुन्या पियानोचं झाकण काढून काहीतरी करत बसते. छंद असावा माणसाला. पण एकच सूर किती वेळा वाजवायचा? गाणं येत नसेल तर तसं सांगावं.

३ फेब्रुवारी
अडचण सापडली. माझं सगळं भूतकाळात आहे. वेंडेलची ताकद वर्तमानकाळात. ‘सध्या’ने सुरू होणारं वाक्य हवं.
ठराव: आमच्या रॉकफर्डची हाफ मॅरेथॉन. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, म्हणजे मुदतीत बसते. नाव नोंदवलं. बूट आणले, निळे. नॅडीनला दाखवले. ती म्हणाली, मस्त आहेत, सरोवराकाठी छान पायवाट आहे. तिला विषय सोडून बोलायची सवयच आहे.

५ फेब्रुवारी
पारा शून्याच्या बराच खाली. ट्रेनिंग बर्फ वितळल्यावर. बूट घालून घरातच तीन फेऱ्या मारल्या. नॅडीन म्हणाली, बूट घातलेच आहेस तर दारातला बर्फ ओढ. गुडघ्यातून आवाज आला. विश्रांती.

१८ फेब्रुवारी
मॅरेथॉनवर सगळी भिस्त ठेवणं बरं नाही. ‘हेगडॉर्न ॲडव्हायझरी’ स्थापन केली. व्हिजिटिंग कार्डं छापली. विमाविषयक सल्ला.
पहिलं गिऱ्हाईक दोन तासांत: शेजारचा टॉड. त्याच्या गॅरेजवर झाड पडलंय. झाड आपोआप पडलं, असं कंपनीला ठामपणे सांग, असा सल्ला दिला.

२७ फेब्रुवारी
टॉडचा दावा फेटाळला. झाड करवतीने अर्धं कापलेलं होतं, हे त्याने मला सांगायला हवं होतं. आता तो हात करत नाही. प्रत्येक सल्लागाराच्या आयुष्यात अशी एखादी केस असतेच.

४ मार्च
मिलवॉकीहून लेकीचा, ब्रिटाचा फोन. म्हणाली, बाबा, आई तिकडे एकटीच जाणार का? तू ठरवलंयस काय? मी म्हटलं, सध्या मी लिहितोय. लगेच पुढे विचारलं, माझ्या नातीने अलीकडे काही जिंकलं का? कुठलीही स्पर्धा चालेल. ब्रिटा म्हणाली, बाबा, ती सहा वर्षांची आहे, तिचे दोन दात पडलेत. मग म्हणाली, आईकडे फोन दे.
दात. वेंडेलवर याची छाप पडणं कठीण.

२२ मार्च
नॅडीन आठवडाभर ॲशलंडला जाऊन आली. तिथल्या चर्चने तिला पियानोच्या कामासाठी बोलावलं होतं. गाल लाल, आवाज मोठा. सरोवरावरचा बर्फ फुटायला लागलाय, लायल, आणि रात्रभर तो गातो, तू ऐकायला हवंस, असं कोट न काढताच सांगत होती. मी शब्द मोजत होतो. मध्येच तिला विचारलं, ‘सल्लागार संस्था’ हा एक शब्द की दोन? ती म्हणाली, दोन. मग कोट काढून वर गेली.
दोनच धरावे लागतील. पंचाईत.

१४ एप्रिल
मॅरेथॉन काल झाली, असं पेपरवरून कळलं. मला वाटत होतं पुढच्या रविवारी आहे. पण नोंदणी केली म्हणजे सहभाग आलाच. उगाच शब्दांचा कीस काढण्यात अर्थ नाही.

१५ एप्रिल, दुपार
पाठवलं! बरोब्बर पंचाहत्तर. अडतीस वर्षांचं नेतृत्व, स्वतःची सल्लागार संस्था, हाफ मॅरेथॉनमध्ये सहभाग, लेक सुपीरियरच्या काठी उन्हाळी निवासस्थान (‘तिथली व्यवस्था पत्नी नॅडीन पाहते’), नात दंतविकासात आघाडीवर. शेवटचं वाक्य खास: ‘पेंग्विनांपेक्षा मी माणसांत रमतो.’ वाच म्हणावं वेंडेल!
नॅडीन टॅक्सचे कागद टाकायला पोस्टात निघाली होती. दारात थांबून म्हणाली, एप्रिल आला. मी म्हटलं, अंक हातात पडू दे, मग शांतपणे ठरवू. बातमी वाचून जुने मित्र फोन करतील, ते याच घरी. घर सोडून कसं चालेल? तिने टोपी घातली आणि गेली. आज टंग टंग नाही.

२ मे
नॅडीनने दारातून काहीतरी विचारलं, पत्त्याबित्त्याचं. ‘हं’ म्हटलं. ती तिथेच उभी. नक्की ना, म्हणाली. पुन्हा ‘हं’. पंचेचाळीस वर्षांचा संसार सुरळीत चालतो तो असा.

१ जून
नॅडीन गेली. टेम्पो आला होता. पियानो उचलायला चार माणसं लागली. ती म्हणाली, फ्रीजमध्ये आठवडाभराचं आहे, पुढचं तू शिक. मी म्हटलं, मावशीच्या घराची नीट व्यवस्था लागली की ये, सप्टेंबरपर्यंत होईल ना? ती म्हणाली, लायल, मी जानेवारीत काय बोलले होते? मी म्हटलं, आठवतंय सगळं. तिने माझी कॉलर सरळ केली आणि गाडीत बसली.
येईल. तिथल्या हिवाळ्यात माणूस टिकत नाही.
घर एकदम शांत. लिहायला उत्तम. लिहायचं काही नाही.

१९ जून
तळघरात सहज गेलो. गालिच्यावर पियानोच्या पायांचे खड्डे राहिलेत. तिथे थोडा वेळ उभा राहिलो. टंग टंग नसल्यामुळे आता त्रास होत नाही. त्याचाच त्रास होतो.
जेवण: बीन्स, डब्यातूनच.

९ जुलै
अंक यायला हवा होता. पोस्टमनला विचारलं. तो म्हणाला, तुमच्याकडे हल्ली फक्त पिझ्झाच्या जाहिराती येतात.
एकाही मित्राचा फोन नाही. वाचून थक्क झाले असणार.

१५ जुलै
पोस्टाला कडक तक्रार. ती लिहीत असताना नॅडीनचा फोन. जेवलास का, तुझं टपाल साचलंय, असं काहीतरी म्हणाली. कुठे साचलंय ते नीट ऐकलं नाही. तक्रारीचा ओघ तुटला असता.

१८ जुलै
वेंडेलचा फोन! आवाजात विनय आणून उचलला. म्हणाला, अभिनंदन, लेका, काय सुंदर लिहिलंय! मी म्हटलं, छे रे, आपलं साधंच. तो म्हणाला, साधं कसलं, फोटो तर काय झकास! मी म्हटलं, फोटो? म्हणाला, नॅडीनचा. त्र्याहत्तरच्या पानावर. हा सगळ्या बॅचेस वाचतो. रिकामा वेळ.
शेवटी विचारलं, माझं कसं वाटलं? म्हणाला, तुझंही आहे? थांब. पानं चाळल्याचा आवाज. हो हो, आहे की, एक ओळ! मग त्याला नातवाच्या मॅचला जायचं होतं.
एक ओळ?

१९ जुलै
कॉलेजच्या ऑफिसला फोन. मुलगी म्हणाली, सर, तुमचा अंक केव्हाच गेलाय, ॲशलंडला. मॅडमनी मे महिन्यात पत्ता बदलला, दोघांचाही. तुम्हाला विचारूनच बदलतेय म्हणाल्या होत्या. तुम्हाला माहीत असेलच ना?
मी म्हटलं, हं.

२० जुलै, सकाळ
ॲशलंडला निघतोय. फक्त अंक आणायला. बॅगेत तीन शर्ट आणि निळे बूट, पायवाट आहे म्हणे. हिवाळी कोटही घेतला. जुलै आहे, कबूल. पण पाण्याकाठी वारा असतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ, ॲशलंड
नॅडीन घरी नव्हती. शेजारचा म्हातारा रासबेऱ्या तोडत होता. कोण हवंय, म्हणाला. मी नॅडीनचा नवरा, म्हटलं. त्याने मला आपादमस्तक पाहिलं. म्हणाला, अरेच्चा, तिला नवरा आहे होय! त्या नावाची पत्रं येतात, आम्हाला वाटलं चुकून येतात. ती चर्चमध्ये आहे, पियानो लावतेय. सकाळी पोहते, मग पियानो. बस, येईल.
पायरीवरच्या टोपलीत माझा अंक. प्लॅस्टिकही काढलं नव्हतं. १९७१. वेंडेल या वेळी नाईल नदीवर. त्याच्याखाली: ‘लायल हेगडॉर्न रॉकफर्डला असतो.’
संपलं. बाकी सगळं डॉटीने कापलंय.
मग आयुष्यात पहिल्यांदा दोन पानं पुढे गेलो. १९७३. ‘नॅडीन (माहेरची व्हॅलबर्ग) हेगडॉर्न जूनपासून ॲशलंडला, मावशीच्या घरात. दोन वर्षं तळघरात शिकून ती आता पियानोचे सूर लावते. आसपासच्या गावांत हे काम करणारं दुसरं कोणी नाही. रोज सरोवरात पोहायचा बेत आहे, पाणी भयंकर गार असतं. नवरा लायल (’७१) येणार का, हे त्याला विचारलंय. त्याला विचार करायला वेळ लागतो. खिडकीशी त्याच्या टेबलाला जागा ठेवली आहे.’
शब्द मोजले नाहीत.
फोटोत ती उघड्या पियानोत डोकं घालून मान वळवून हसतेय. माझ्यासमोर अशी शेवटची कधी हसली, ते आठवत बसलो. आठवेना. मग पायरीवर बसून रडलो. म्हाताऱ्याने पाठ केली आणि रासबेऱ्या तोडत राहिला. भला माणूस.
खिडकीतून आत पाहिलं. खिडकीशी जागा खरंच मोकळी आहे.
मग चर्चला चालत गेलो. जानेवारीत द्यायचं उत्तर वाटेत तीनदा घोकलं. नॅडीन फोटोतल्यासारखीच, कान तारांजवळ, एका हातात पाना, दुसरा पट्टीवर. टंग. टंग. मी दारातूनच मोठ्याने म्हटलं, नॅडीन, मी राहायला आलोय, कायमचा, तुझी हरकत नसेल तर, आणि बर्फ गातो तो मला ऐकायचाय.
टंग.
ती वर न बघता म्हणाली, ‘हं.’
ऐकलं की नाही, कळायला मार्ग नाही. शेवटच्या बाकावर बसून हे लिहितोय. तिचं काम झालं की पुन्हा सांगेन.