न्हाणीतले नाना

चौसाळा,
शुक्रवार, सकाळचे सहा

तीर्थस्वरूप सुंदरराव दाजी यांस, तुमचा धाकटा मेहुणा नाथा पाया पडतो. गुडघा कसा आहे? आक्काची साखर? आमच्याकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून ते आधी लिहून टाकलं. काल तुम्हाला तीनदा फोन केला, पण तिन्ही वेळा तुम्ही दुसऱ्या वाक्याला "बरं, बरं" म्हणून ठेवून दिलात, आणि ही गोष्ट दुसऱ्या वाक्यात संपणारी नाही.

थंडी पडली तसा मी न्हाणीत गॅसचा गीझर बसवायला घेतला. (न्हाणी आणि संडास आमचं एकच, चार बाय सहा, नावाला एक खिडकी.) बसवायला हरिओम आला होता. भिंत ठोकून पाहिली आणि म्हणाला, "काका, ह्यो आत बसवायचा नसतो. बाहीरच्या भिंतीला लावू, नुसतं गरम पाणी आत घिऊ." का म्हणून विचारलं तर म्हणे, "नियम हाय." मी दहा वर्षं ग्रामपंचायतीत काढली आहेत, नियम कसे होतात ते मला ठाऊक आहे. बाहेर लावला तर माकडं नळ्या उपटतील म्हणून मी तो आतच लावून घेतला, सिलिंडरसकट. जाताना तो एवढंच म्हणाला, "मंग खिडकी तरी उघडी ठिवा."

चार दिवसांनी सत्यशीला अंघोळ करून आली ती ओल्या केसांनी ओसरीवरच बसली. "मला हाक मारली का?" मी तर गोठ्यात होतो. आत कुणीतरी तिला माहेरच्या लाडाच्या नावानं हाका मारत होतं. ते नाव ह्या घरात कुणालाच माहीत नाही. (मलाही नाही. लग्नाला तीस वर्षं झाली, अजून सांगत नाही.)

मग म्हाळू. आमच्या शेळ्या राखणारा, सहा फुटी, लांडग्यामागं नुसती काठी घेऊन धावणारा माणूस. आग्रह करून त्याला गरम पाण्यानं अंघोळीला पाठवलं. साबण अंगावर तसाच घेऊन बाहेर आला, भडाभडा ओकला, आणि उन्हात बसून हळूच म्हणाला, "मालक, आत माझी पांढरी शेळी हुबी हाय. मागल्या साली मेलेली."

तिसरा मी. पाणी सोडलं, डोकं जड झालं, कानात लांबच्या इंजिनासारखं धडधडू लागलं, आणि पाहतो तर पालथ्या बादलीवर आपले नाना बसलेले. वडलांना जाऊन सहा वर्षं झाली. धोतर, विडी, सगळं. मला म्हणाले, "बस की जरा." आणि दाजी, मला बसावंसं वाटलं. भीती अजिबात वाटली नाही. तेच आता आठवलं की अंगावर काटा येतो. सत्यशीलेनं दार ठोठावलं म्हणून उठलो.

मग सारजाबाईला आणलं, तिच्या अंगात येतं म्हणून. तिनं न्हाणीभर हुंगलं (वास कशाचाच नव्हता), डोळे मिटले आणि सांगितलं, "खिडकीतून येतंय. बुजवा." मी माजी सदस्य, पण वाद घातला नाही. स्वतःच्या हातानं खिडकीला पत्रा ठोकला, दाराखालच्या फटीला गोणपाट लावलं, वर लिंबू टांगलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची प्रियदर्शनी अंघोळीला गेली. कॉलेजला सुट्टी म्हणून आली होती. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. मग ती आत कुणाशी तरी बोलायला लागली, हळूच हसली, आणि गप्प झाली. पाणी चालूच. मी हाका मारल्या, कडी हलवली. शेवटी म्हाळूनं खांद्यानं दार पाडलं. पोरगी फरशीवर पडली होती, आणि गाल असे गुलाबी की वाटावं आता उठून हसेल. मोकळ्या अंगणात नेऊन ठेवली. कितीतरी वेळानं डोळे उघडले आणि विचारलं, "नाना कुठं गेले?"

बीडच्या डॉक्टरांनी तिला ऑक्सिजन लावला आणि मला एकच विचारलं, गीझर आत आहे का? मी पत्र्याचं सांगितलं. लिंबाचंही. मग त्यांनी समजावून सांगितलं. कोंदट जागेत गॅस जळला की विषारी वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मग कुणाकुणाला भास होतात, मग माणूस झोपतो तो झोपतोच. "आणखी पाच मिनिटं," एवढंच म्हणाले. गीझर आणि सिलिंडर बाहेर मोकळ्यावर हवेत, आणि खिडकी कधी बुजवायची नाही. हरिओमनं कालच सगळं बाहेर काढलं. मजुरीही घेतली नाही. घेतली असती तर बरं झालं असतं.

पोरगी आज घरी येते, म्हणून मला जागचं हलता येत नाही. सारजाबाई गावभर सांगत फिरते आहे की लिंबानं गुण आला.

तुमचा,
नाथा

ता. क. काल आक्काशी बोललो. लई आनंदात होती. म्हणाली, आम्हीपण गीझर बसवलाय, न्हाणीतच, आणि थंडी म्हणून खिडकी लावून घेते. रोज अंघोळीला गेलं की आपली गेलेली आई येते, पाठ चोळून देते. अर्धा-अर्धा तास बसते म्हणे आत. मी सगळं समजावून सांगितलं तर म्हणाली, "आईला बाहीर काढू नगो, नाथा." तुम्हाला तिनं ह्यातलं काही सांगितलं नसणार. पत्र एवढ्यासाठीच लिहिलं.

ता. क. २. पत्र घेऊन आलाय तो हरिओम, पाना त्याच्याजवळ आहे. त्याला चहा नंतर द्या. दाजी, आक्का आत्ता कुठं आहे ते आधी पाहा.