चाकांवरची खोली

श्री. सगुण यांस,
कमलाक्षीचा कॅनडाहून नमस्कार.

फोनवर बोलताना आपला लेक साईश जवळच असतो, म्हणून मोप्याच्या विमानतळावर उतरणाऱ्या विनिताच्या हाती ही चिठी देते. मी बरी आहे. गोळ्या घेता ना? आणि पोदेराकडचे उंडे पाव दोनच घ्या हां.

आपल्या झिलाने मला उतरवलंय ते घर मोठं आहे. स्वतःचं म्हणतो, पण साखर कुठल्या कपाटात आहे ते त्याला ठाऊक नाही. अंगणात गाडीमागे जोडायची, चाकांवरची एवढीशी खोली उभी आहे, आत पलंग नि ओटा. फक्त सहलीपुरती, म्हणे.

मग रोज सकाळी आधी तिचे टायर का बघतो? गॅसच्या नळीला साबणाचा फेस लावून गळती का तपासतो? शेजारची पंजाबी बाई म्हणाली, हिवाळ्यात खोली वापरायची नसेल तर नळातलं पाणी काढून टाकतात, नाहीतर गोठून पाइप फुटतात. हा मात्र पाणी चालू राहावं म्हणून पाइपांना गरम पट्टी गुंडाळतो. कोणासाठी?

काल तो दुकानात गेल्यावर मी आत डोकावले. ओट्यावर भगवतीची तसबीर, तो गावाहून निघताना आपण दिलेली. पुढे उदबत्तीची ताजी राख. सांगा, राहत्या घराबाहेर देव कोण मांडतो?

त्याला काही विचारू नका. मीसुद्धा विचारलं नाही. त्याच्यासाठी आणलेली गोधडी तेवढी त्या पलंगावर घालून आले.

संध्याकाळी त्याने ती पाहिली. ‘इथे का घातलीस?’ असं काही तो म्हणाला नाही.

तुमची,
कमलाक्षी