सभेत तुझं नाव घेण्याआधी

जयनगर, बंगळूर
गुरुवार, सकाळ

प्रिय हेमलता,

एवढं लिहिलं आणि उठून गॅस बंद आहे का ते बघून आलो. बंद होता. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तुला 'अगं'शिवाय हाक मारली नाही, त्यामुळे वरचा शब्द वाचून तुला हसू येईल. हस, पण पत्र मुग्धाला दाखवू नकोस. सातवी शिकलेल्या माणसाचं पत्र आहे, चुका असणारच. त्यांचं काही नाही. पण यात जे लिहिणार आहे ते लेकीने वाचावं असं नाही. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू 'बरं' म्हणतेस आणि लगेच नातवाच्या हातात देतेस. त्याच्याशी मी काय बोलणार? आज डब्यात काय होतं, एवढंच विचारतो.

घरी सगळं ठीक आहे. कढीपत्त्याला पाणी घालतो, जास्त होतं की काय अशी शंका येते, मग दुसऱ्या दिवशी घालत नाही, मग तो सुकेल म्हणून पुन्हा घालतो. तुझी साखर तपासलीस का? पुण्याला गेल्यावर गोळ्यांची वेळ बदलू नकोस असं सांगायचं राहिलं होतं. खरं तर तू निघालीस तेव्हा काहीच सांगायचं धैर्य झालं नाही. मकरंद रविवारी कॅनडाहून फोन करतो आणि आई कधी येणार म्हणून विचारतो. नातवाची सुट्टी संपली की येईल, असं मी सांगतो. सुट्टी संपून शाळेची सहामाही आली हे त्यालाही कळतं. लिफ्टमध्ये पद्मनाभ भेटतो, तोही विचारतो, 'अक्का गावाहून आल्या का?' मी म्हणतो, येतील, येतील. सोसायटीचा सेक्रेटरी असल्यामुळे त्याला सगळ्यांच्या घरचं माहीत असायला हवं असं वाटतं.

मी काय खातो हे तू एकदाही विचारलं नाहीस, आणि ते बरोबरच आहे. तरी सांगतो. मी त्या कँटीनमध्ये जेवतो. हो, त्याच. तू गेलीस तेव्हा पाण्याची बिलं भरायच्या त्या जुन्या खोलीला नुसता चुना लावून झाला होता. आता खिडकीच्या जागी वाढायचा कट्टा आहे आणि आत दोन मोठ्या शेगड्या. बाहेर पत्र्याखाली उभं राहून खायची टेबलं आहेत, म्हाताऱ्यांसाठी एक बाक. पालिकेने ठरवलं होतं तसंच झालं आहे बघ. स्वयंपाक वॉर्डातल्या बायकांच्या संघाचा, नाचणी आणि भाजी आनेकलच्या शेतकऱ्यांकडून सरळ, मधे दलाल नाही. सालं, देठं, उरलंसुरलं सगळं त्याच टेंपोतून खतासाठी शेतावर परत जातं. भात असतो, पण थोडाच. रोज नाचणीचा उंडा असतो, ज्याला इथले मुद्दे म्हणतात.

मी हौसेने गेलो नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. तू गेल्यावर दोन दिवस खिचडी केली, ती लागली. मग मेसचा डबा लावला, त्यात तेलच तेल. शेवटी चहा-पावावर राहायला लागलो. एका सकाळी दुधाची पिशवी घेऊन परत येताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि जवळ होती त्या पायरीवर बसलो. ती त्या कँटीनची पायरी होती. संघाची गौरीअक्का बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. ती एवढंच म्हणाली, 'अण्णा, स्वल्प खाऊन घ्या,' आणि ताट पुढे ठेवलं. उंडा आणि पालेभाजीच्या पाण्याचं सार. मला वाटलं होतं ती काहीतरी बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढचं लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी तो उंडा पोळीसारखा चावायला लागलो. तो कवळीला असा चिकटला की वरची कवळी उंड्यासकट बाहेर आली आणि ताटात पडली. आजूबाजूला रिक्षावाले, सफाईवाल्या बायका, कॉलेजची पोरं. कल्लाप्पा नावाचा एक रिक्षावाला आहे, जीभ भलतीच तिखट. तो म्हणाला, 'अज्जा, दात ताटात काढून ठेवायची गरज नाही. हे चावायचं नसतं, नुसतं गिळायचं.' सगळे हसले. मग त्यानेच स्वतःच्या ताटातला तुकडा तोडून, सारात बुडवून, कसा सरकवायचा ते दाखवलं. चाळीस वर्षं या गावात राहून मला हे येत नव्हतं. तुला येत होतं. गौरीअक्काने नंतर सांगितलं, की दुपारी भजनाला म्हणून तू जायचीस ती तिच्या घरी जायचीस. डॉक्टरांनी नाचणी खा म्हणून सांगितलं होतं आणि ती या घरात शिजत नव्हती, म्हणून तू भजनाच्या नावाखाली जेवायला जात होतीस. सासुरवाशीण सुनेने चोरून खावं तशी, या वयात.

ती का शिजत नव्हती ते तुला मी कधी सांगितलं नाही. आपलं अन्न नाही, एवढंच म्हणत आलो. खोटं होतं ते. आजऱ्याला आमच्या घरी दुसरं काही नव्हतंच. सकाळी आंबील, रात्री भाकरी, दोन्ही नाचणीची. कारखान्यात लागलो तेव्हा आईने दिलेली भाकरी मी पहिल्या दिवशी डब्यात घेऊन गेलो. बरोबरचे टर्नर चांगल्या घरचे होते. एकाने डब्यात डोकावून विचारलं, ही काय शेणी आणलीस? मीही त्यांच्याबरोबर हसलो. त्यानंतर आयुष्यभर मी त्या हसणाऱ्यांच्या बाजूला राहायची धडपड केली. लग्नानंतर तू माहेरून पहिल्यांदा नाचणीचं पीठ आणलंस, ते मी वॉचमनला देऊन टाकायला लावलं. तुला वाटलं असेल मी मोठ्या घरचा आहे.

आता मी रोज सकाळी तिथे जातो आणि पालेभाजी निवडतो. नुसतं खाऊन उठायला कसंतरी वाटायला लागलं, म्हणून. आनेकलहून शिवाप्पा टेंपो घेऊन येतो. राजगिऱ्याचा पाला, शेपू, अळू, नाचणीची पोती. पूर्वी तो माल बाजारात न्यायचा आणि अडत्या सांगेल त्या भावाला टाकून यायचा. दुपारपर्यंत विकला नाही तर तिथेच गाईंपुढे. आता आठवड्याचा भाव संघाशी आधीच ठरतो, म्हणून त्याने यंदा आणखी एका तुकड्यात नाचणी घातली आहे. त्या भरवशावर. हे लक्षात ठेव, का ते पुढे लिहितो. शेपू निवडताना माझी बोटं हिरवी होतात. घरी येण्याआधी नळावर घासून घासून धुतो आणि मागच्या गल्लीने येतो, हातात दुधाची रिकामी पिशवी. पद्मनाभने पाहू नये म्हणून. आता तुला कळलं असेल मी किती सुधारलो ते.

चैत्रात झालेली ती वॉर्डाची सभा मी रोज आठवतो. मला तिथे बोलायला कोणी सांगितलं नव्हतं. पण आपल्या सोसायटीचे सगळे पुढच्या रांगेत होते, इंजिनियर, प्रोफेसर. त्यांना त्या खोलीच्या जागी गाड्या लावायच्या होत्या. त्यांच्यात मीही बसलो होतो आणि मला वाटलं, आज आपणही काहीतरी बोलून दाखवावं. मी उठलो आणि माझ्या कारखान्यातल्या कन्नडमध्ये म्हणालो, ही घरंदाज लोकांची वस्ती आहे, इथे असलं खायला कोण येणार? तिथेच थांबायला हवं होतं. टाळ्या पडल्या आणि मी चढलो. म्हणालो, कुठल्या घरंदाज घरातली बाई रिक्षावाल्यांना वाढायला पळी घेऊन उभी राहील? ज्या नवऱ्याला बायको पोसता येत नाही, त्याचीच. पुन्हा टाळ्या पडल्या. तेव्हा गौरीअक्का उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, 'अण्णा, पळी धरणारी पहिली बाई तुमच्या मागे बसली आहे.'

मी मागे वळलो. तू तिसऱ्या रांगेत होतीस, ती जांभळी साडी नेसून. संघ तुम्ही दोघींनी मिळून काढला होता, कुठली भाजी कुठल्या वारी करायची हेही तूच ठरवलं होतंस, आणि मला यातलं काहीच माहीत नव्हतं. तू मला सांगितलं नव्हतंस, कारण मी काय म्हणेन ते तुला माहीत होतं. आणि मी नेमकं तेच म्हणालो, पण घरात नाही, माईकवर. तू पदर सारखा केलास आणि उठून गेलीस. संध्याकाळी माझ्यासाठी पोळ्या केल्यास, स्वतः जेवली नाहीस. सकाळी बॅग भरलेली होती. जाताना संघातून नाव काढून घेतलंस, असं मला मागाहून कळलं.

तेव्हा पालिकेने सहा महिने चालवून बघू म्हणून मान्यता दिली होती. ते सहा महिने आता संपले आणि गेल्या रविवारी पुन्हा सभा झाली, कँटीन ठेवायचं की जागा गाड्यांना द्यायची ते ठरवायला. पद्मनाभने मला हाताला धरून पुढे बसवलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. तो उठून म्हणाला, 'आमचे वासुदेवराव मागच्या वेळी फार छान बोलले होते, ते आजही दोन शब्द बोलतील.' आणि माईक माझ्या हातात. एका बाजूला सोसायटी, दुसऱ्या बाजूला गौरीअक्का, सगळा संघ, कल्लाप्पा, आणि अगदी शेवटी भिंतीला टेकून शिवाप्पा, आनेकलहून बसने आलेला. मी रोज जिथे जेवतो तिथले सगळे माझ्याकडे बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं, मी इथे जेवतो, एवढंच. माझ्या तोंडून निघालं, 'स्वल्प विचार करून सांगतो,' आणि मी बसलो. पालिकेच्या साहेबांनी निर्णय पुढच्या महिन्यावर टाकला.

दुसऱ्या दिवशी मी जाणार नव्हतो. खिडकीत बसून राहिलो. मग वाटलं, शेपूच्या जुड्या तशाच पडल्या असतील, बायकांना उशीर होईल, म्हणून गेलो. पाट आणि विळी माझ्या जागेवर ठेवलेली होती. जेवताना ताट आलं, नेहमीसारखं. फक्त कल्लाप्पा जाता जाता म्हणाला, 'अज्जा, मी उंडा गिळायला शिकवला होता, बोलणं नाही.' कोणी हसलं नाही. मी उंड्याचे नुसते तुकडे करत बसलो. गौरीअक्काने पाणी आणून दिलं, तेव्हा मी तिला विचारलं, संघात एक बाई कमी आहे, तर तुम्ही दुसरी का घेतली नाही, केवढी धावपळ होते तुमची. ती म्हणाली, ती जागा कमी नाही अण्णा, ती हेमाक्काची आहे.

आता हे पत्र कशासाठी ते लिहितो, नाहीतर टपालाची वेळ निघून जाईल. तू घरी ये, असं मी म्हणत नाही. म्हणायचा मला अधिकार नाही, आणि पोळ्या करायला तर मुळीच येऊ नकोस, मी आता पोळीवाचून राहतो. पुढच्या सभेत मी उभा राहणार आहे. कन्नड चुकेल, सोसायटीत पुन्हा कोणी माझ्याशी बोलणार नाही, हे सगळं धरून चाललो आहे. मी तिथे जेवतो हे सांगेन, आणि आजऱ्याच्या भाकरीचंही सांगेन. पण तेवढ्याने ते पुरं होत नाही. ज्या बाईबद्दल मी त्या माईकवर बोललो, तिचं नाव मला त्याच माईकवर घ्यायचं आहे. हे कँटीन माझ्या बायकोने उभं केलं, तिचं नाव हेमलता, एवढंच. लग्नात सगळ्यांनी आग्रह केला तरी मी नाव घेतलं नव्हतं, लाजलो होतो. आता लाज निराळी आहे. मागच्या वेळी तुझ्याबद्दल बोलण्याआधी मी तुला विचारलं नाही. या वेळी विचारतो आहे. तुझं नाव घेऊ का? नको असेल तर फोनवर 'नको' म्हण, मी घेणार नाही, बाकीचं मात्र बोलेन. फक्त 'बरं' म्हणून फोन नातवाकडे देऊ नकोस, कारण त्याचा अर्थ मला रात्रभर लावत बसावा लागेल. गोळ्या वेळेवर घे.

तुझाच,
वासुदेव