एक्स शून्य असला तर

सिस्टर, शाळेच्या मागच्या स्वयंपाकघराची ती पायरी तुम्हाला आठवते का, जिथे शुक्रवारी दुपारी आपण दोघी वाल सोलत बसायचो? बाबांची एस. टी. डेपोतली ड्यूटी पाचला सुटायची. तोवर मी शाळेतच थांबायचे, आणि रिकामी बसलेली मुलगी तुम्हाला बघवायची नाही. शुक्रवारी कॉन्व्हेंटमध्ये मटण नसायचं, म्हणून शिरढोणहून येणारी स्वयंपाकाची बाई मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून आपल्यापुढे ठेवायची. तुम्ही गोव्याच्या, तुम्हाला वाल सोलता येत नव्हते. दोन बोटांत धरून दाबायचा, की डाळिंबी सुळकन बाहेर येते आणि साल बोटांत राहतं, हे मी तुम्हाला शिकवलं. त्याच्या बदल्यात तुम्ही मला तोंडी समीकरणं घालायचात. वर्गात तुम्ही इंग्रजीतून शिकवायचात, पण त्या पायरीवर आणि रागावताना तुमचं मराठीच असायचं, गोव्याच्या हेलाचं. म्हणून हे पत्रही मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं, तर तुम्ही आधी स्पेलिंगं तपासली असतीत.

त्यातल्या एका शुक्रवारी तुम्हाला घाई होती. ज्या वालांना मोड येत नाहीत, जे भिजवूनही खड्यासारखे राहतात, त्यांना आमच्याकडे गणंग म्हणतात. ते दिसायला इतरांसारखेच, दाबल्याशिवाय कळत नाहीत. तुमच्या बोटांत असे काही आले, साल सुटेना, तेव्हा तुम्ही ते तसेच भांड्यात टाकलेत. मी म्हटलं, सिस्टर, हे शिजत नाहीत. तुम्ही म्हणालात, शिजेल की गो, कुकर आहे. त्या रात्री जेवताना कॉन्व्हेंटच्या मदरची दाढ हलली. सोमवारी तुम्ही चाचणीचे पेपर वाटायला आलात, ते तोंड पाडूनच. माझ्या पेपरवर, एक्सचा वर्ग बरोबर पाच एक्स या साध्या गणितापुढे, तुम्ही लाल शाईने भोपळा दिला होता. मी दोन्ही बाजूंना एक्सने भागून पाच हे उत्तर काढलं होतं, आणि ते बरोबरच होतं, असं मला वाटत होतं. तुम्ही मला टेबलाशी बोलावलंत. मला वाटलं, पट्टी निघणार. पण तुम्ही खालच्या आवाजात म्हणालात, “बाय, भागायच्या आधी त्याला विचारलंस काय, तू शून्य तर नाहीस ना म्हणून? शून्य पण उत्तर होतं. तू त्याला घराबाहेर काढलंस.” मग तुम्हीच म्हणालात, “मी पण विचारलं नाही. मदरच्या दाढेला जाऊन विचार.” आणि आपण दोघी हसलो होतो, वर्गाला काही न कळता.

हे सगळं आज निघालं ते एका सॉफ्टवेअरमुळे. तुमच्या वेळी कॅल्क्युलेटरसुद्धा शाळेत आणायला बंदी होती, म्हणून सांगते. आता संगणकावर एक असा प्रोग्रॅम असतो जो आकडेच नाही, तर अक्षरंसुद्धा चालवतो. ए, बी, एक्स यांची बेरीज-वजाबाकी करतो, अवयव पाडतो, इंटिग्रेशन करतो. मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते तेव्हापासून तो वापरते आहे. गेल्या महिन्यात त्याची नवी मोठी आवृत्ती आली आणि लेकीने पुण्याहून येऊन ती माझ्या लॅपटॉपवर घालून दिली. मी दोन दिवस नव्या मिक्सरभोवती फिरावं तशी तिच्याभोवती फिरत होते. आता हाताने लिहिलेल्या गणिताचा फोटो दाखवला तरी तो वाचतो. साध्या वाक्यात विचारलं तरी समजून घेतो. आलेख बोटाने धरून फिरवता येतो, शंकूच्या आत डोकावता येतं. पूर्वी जी इंटिग्रेशनं तो तशीच परत करायचा, जशी मी तुम्हाला कोरी वही परत करायचे, त्यातली काही आता सोडवतो. आणि आपण लिहिलेल्या पायऱ्या त्याला दिल्या, तर एकेक ओळ तपासून बरोबरची खूण करतो किंवा अडतो. हे शेवटचं पाहिल्यावर मी लॅपटॉप मिटला आणि चहा टाकला. कारण गेली कित्येक वर्षं रविवारी सकाळी खांदा कॉलनीतल्या माझ्या बाहेरच्या खोलीत मुलांच्या वह्यांवर मी नेमकं हेच करते आहे.

लेकीने तेच बोलून दाखवलं. आई, आता कशाला गुडघे धरून फळ्यापाशी उभी राहतेस, सगळं यात आहे, क्लास बंद कर आणि माझ्याकडे ये. तिचं चुकत नव्हतं. मी मनाशी ठरवूनही टाकलं. पण ठरवल्यावर मला त्या आवृत्तीची परीक्षा घ्यायची हुक्की आली. आधी तुमचंच गणित घातलं, एक्सचा वर्ग बरोबर पाच एक्स. हे तर जुन्या आवृत्तीलाही येत होतं, तरी उत्तर उमटेपर्यंत मी पदराने चष्मा पुसत बसले. शून्य आणि पाच, दोन्ही आली. मग खरी अवघड जागा काढली. ए एक्स बरोबर बी. जुनी आवृत्ती याला बी भागिले ए म्हणून मोकळी व्हायची, ए शून्य असला तर काय याचा विचारच न करता. नव्या आवृत्तीच्या माहितीत लिहिलं होतं, की आता अटींसकट उत्तर मागता येतं. मी मागितलं. पडद्यावर तीन ओळी आल्या. ए शून्य नसेल तर बी भागिले ए. ए आणि बी दोन्ही शून्य असतील तर कुठलीही संख्या चालेल. ए शून्य असून बी शून्य नसेल तर उत्तर नाही. तुम्ही समासात लिहायला लावायचात, त्याच या तीन ओळी. कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी टेबलाशी बसून कुणीतरी हे त्या प्रोग्रॅममध्ये घातलं असेल. त्याचं किंवा तिचं कुठलं शून्य हरवलं होतं लहानपणी? त्यांनाही कुणी खालच्या आवाजात रागावलं असेल का? तुम्ही असतात तर तुम्ही याला पहिलं काय विचारलं असतंत, हेही माझ्या डोक्यात घोळत राहिलं.

पुढच्या रविवारी मी मुलांना सांगितलं, की दिवाळीनंतर क्लास नाही, हा प्रोग्रॅम कसा वापरायचा ते दाखवते, पुढे तुम्ही आणि तो. बाकीची मुलं पटापट गेली. रोडपालीची एक मुलगी मात्र चप्पल न घालता दारात उभी राहिली. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पहिल्या वर्षी राहिलेल्या गणिताची केटी अजून डोक्यावर आहे. ही शेवटची संधी, नाही सुटली तर वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं तर वडील तिला आपल्या खडी-रेतीच्या दुकानात बसवणार, हे तिने मला पूर्वीच सांगितलं होतं. ती परत येऊन लॅपटॉपपुढे बसली आणि आपलं घरून सोडवून आणलेलं गणित त्याला दाखवलं. प्रत्येक ओळीपुढे हिरवी खूण आली. मला वाटलं, झालं, आता हिलाही माझी गरज नाही. पण ती भुवया आकसून बघत होती.

“मॅडम, हा सगळं बरोबर बोलतो. पण मी इथं केने भागलंय. के झीरो असला तर? याला काय फरक नाय पडत?”

अटींची सोय मेनूत खूप आत आहे, आणि तपासणी करताना ती आपणहून चालू होत नाही. मी ती कुठे आहे ते दाखवलं. तिने चालू केली. त्याच ओळीपुढची हिरवी खूण गेली आणि खाली अटी उमटल्या. ती खळखळून हसली. “म्हणजे याला माहीत होतं! विचारल्यावरच बोलतो. आमचा आजा पण असाच हाय.” मी तिला विचारलं, हे तुला कसं सुचलं. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मीच वेडी. “तुमीच नाय का पहिल्या दिवसापासून डोकं खात, आधी विचार, आधी विचार म्हणून.”

सिस्टर, मी हे मुलांना कधी सांगते, मला ठाऊकच नव्हतं. फळ्याकडे तोंड करून बोलत असेन. वरून विमान गेलं, हल्ली ती फार खालून जातात, आणि ते जाईपर्यंत आम्ही दोघी थांबलो. मग तिने विचारलं, रविवारी येऊ ना? परीक्षा होईपर्यंत तरी? तिचा आवाज आता हसरा नव्हता. मी म्हटलं, ये. येताना रिकामा डबा आण.

लेकीला आज फोनवर सांगितलं, की मी एवढ्यात येत नाही. ती रागावली आहे, पण निवळेल. तुम्ही गेल्यावर हे पत्र पाठवायला पत्ता उरलेला नाही, ते टेबलाच्या खणातच राहील. म्हणून माझ्या माघारी कधी तिच्या हाती पडलंच तर इथेच सांगून ठेवते. लॅपटॉप तिने घ्यावा, नवी आवृत्ती त्यात आहे, अटींची सोय मी चालू करून ठेवली आहे, ती बंद करू नये. तुम्ही मला शाळा सुटताना दिलेला फळ्यावरचा लाकडी कंपास, ज्याचा एक पाय अजून घसरतो, तो रोडपालीच्या मुलीला द्यावा, केटी सुटो वा न सुटो. फळा भिंतीवरून काढू नये, जो कुणी घर घेईल त्याने ठरवावं. आणि एक तुमच्यापुरतं, लेकीला सांगण्यासारखं नाही. ए एक्स बरोबर बी घातलं तेव्हा मशीनने चूक करावी, असं मला मनापासून वाटत होतं.

काल वाल भिजवले होते, आज मोड काढले, उद्या सोलेन. त्यातला पहिला वाटा त्या मुलीच्या डब्यात जाईल. गणंग दाबून, एकेकाला विचारून, बाजूला काढून वाटीत ठेवेन. ते मला फेकवत नाहीत. ते तुमचे.