मार्सेलिना क्रमांक दोनच्या राहण्याचा हक्क

"पाणी पडलं, नाव घेतलं. दोघींचाही बाप्तिस्मा झाला, बाई. तो आता परत काढता येत नाही." चौदा वर्षांपूर्वी, सान हुआनच्या सणाला, पाद्रे आन्सेल्मो आमच्या झऱ्यावर हे म्हणाले. बादलीत बोटभर मिशाळ मासा आला होता, तो माझ्या तान्ह्या मार्सेलिनाच्या कपाळावरून घसरला आणि तिला धरून उभ्या असलेल्या धर्मपित्याच्या, एलेउतेरिओच्या, बुटात पडला.

सबब मी, क्लोतिल्दे मोरोयोकी, वय ४६, सोमवारी पित्ताशय काढायला एर्मोसियोला जाण्यापूर्वी, डोकं ठिकाणावर असताना (बहीण देल्फिना हरकत घेईल) लिहून ठेवते की :

१. घर, दोन गाई व पोळ्यांचा तवा मुलीला.

२. सुकं मांस कुटायचा दगड देल्फिनाला. तो नऊ वर्षं तिच्याकडेच आहे. "ताई, उद्या आणते" हे आता म्हणायला नको.

३. झरा मार्सेलिना क्रमांक दोनला. मासा मालक होत नाही, असं नोटरी म्हणतो. मग झरा मुलीच्या नावे, पण राहण्याचा हक्क माशाचा. ही जात आता वाळवंटातल्या असल्या उगमांतच उरली आहे. धरणातले पोसलेले मासे इथे कोणी सोडू नयेत, त्यांच्यात मिसळली की ही जात संपली.

४. एलेउतेरिओची कढई, जी मी जप्त केली, ती परत. मधोमध भोक पाडून.

कारण दर गुड फ्रायडेला एलेउतेरिओ झऱ्यावर येतो आणि हेच (लेकराची आई ती कोमाद्रे, धर्मपिता तो कोम्पाद्रे, अशी आमच्यात हाक) :

"कोमाद्रे, सहज बघायला आलो."

"बघायला कढई लागते का, कोम्पाद्रे?"

"आज मांस चालत नाही. माणसानं खायचं काय?"

"धर्माच्या लेकीला खाता?"

"तिच्या बाप्तिस्म्याला साक्षीदार कोण? पाद्रे तर वर गेले."

"तुमचा बूट!"

यंदाच्या गुड फ्रायडेला मी दवाखान्यात असेन, झऱ्याला कुंपण नाही, आणि बाजारात नवी कढई मिळते.

एक मात्र लिहायलाच हवं. झरा आटत आला त्या उन्हाळ्यात भर दुपारी पिंपांतून पाणी आणून ओतणारा हाच माणूस. "मासा वाळला तर तळून काय उपयोग?" म्हणाला. मी ते खरं मानलेलं नाही.

सही : क्लोतिल्दे मोरोयोकी
ओहो फ्रिओ, सोनोरा. १२ एप्रिल २०१९
साक्षीदार १ : कासिमिरा बुइतिमेआ, शाळेतल्या बाई
साक्षीदार २ : ______________, मार्सेलिना क्रमांक दोनचे धर्मपिता

(कोम्पाद्रे, ही जागा तुमची आहे. तुम्ही नाहीच म्हणणार. तरी सही करा.)